स्वप्नातला ब्रेक

१० जानेवारी

ही वही बसच्या फेऱ्यांची आहे. पुढची पानं भरलेली, मागची कोरी. कोंचोकने सांगितलं, स्वप्नं रोज लिहून काढ, म्हणून हा उद्योग. त्रेसष्टाव्या वर्षी मी रोजनिशी लिहायला बसलोय हे आमच्या जुन्या मास्तरांना कळलं असतं तर त्यांनी भीतीने शाळा बंद केली असती.

चोरोल परवा सकाळच्या टॅक्सीने बहिणीकडे, खाल्सीला गेली. जाताना गादी, दोन रजया, विणकामाची पिशवी आणि मोठा थर्मास घेऊन गेली. थर्मास नेला म्हणजे हे चार दिवसांचं काम नाही. चौतीस वर्षांच्या संसारात मला एवढं तरी कळतं.

कारण माझी लाथ. मी झोपेत लाथ मारतो. उजव्या पायाची, खणखणीत, आणि दर वेळी नेमकी तिच्या नडगीवर. हिवाळ्यात आम्ही दोघं स्वयंपाकघरात चुलीजवळच झोपतो. दुसऱ्या खोलीत झोपलं तर सकाळी दाढी गोठते. त्यामुळे ती सरकून सरकून सरकणार कुठे? या वेळी नडगी सुकवलेल्या जर्दाळूसारखी काळी पडली.

मी नेहमीचंच सांगितलं, "काय करू, तो काळा झो परत आला. शिंगं रोखून अंगावर आला, मग मी पाय झाडला." हा झो, म्हणजे याक आणि गायीच्या संकराचा बैल, आमच्या वडिलांचा, नांगराचा. फार तापट होता. मरून चाळीस वर्षं झाली.

ती रजई गुंडाळत म्हणाली, "लाथेचं काही नाही, मेमे. लाथेची सवय झाली. रोज सकाळी उठून तोच झो ऐकायचा कंटाळा आला."

नातू झाल्यापासून ती मला मेमेच म्हणते. आजोबा. मी विचारात पडलो. म्हणजे मी अधूनमधून दुसरं एखादं जनावर सांगायला हवं होतं का?

दोन दिवस स्वतःच्या हातचा थुकपा, म्हणजे शेवयांचं कढण, खाल्ला. पहिल्या दिवशी त्याची खळ झाली, दुसऱ्या दिवशी विटा. आज सकाळी मुकाट्याने मठाची, आमच्या गोम्पाची, चढण चढलो.

कोंचोक माझ्या वर्गातला. आता अख्खं गाव त्याला वाकून 'लामा-ले' म्हणतं, पण मी त्याला नाक पुसताना पाहिलंय, त्यामुळे माझ्याच्याने ते होत नाही. त्याने तरुणपणी तीन वर्षं एकांतात बसून स्वप्नांची साधना केली आहे. मी म्हणालो, "मला माझं स्वप्न ताब्यात घ्यायचंय. शिकव."

"कशासाठी?"

"चोरोलच्या नडगीसाठी."

त्याला चहाचा ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाला, "अरे, लोक हे शिकतात ते मरणाच्या वेळी शुद्ध राहावी म्हणून. आधी स्वप्नात असताना हे स्वप्न आहे हे ओळखायचं. मग त्यात घाबरायचं नाही. मग बदलायचं. बारा-बारा वर्षं लागतात."

"मला मार्चपर्यंत पाहिजे."

"मार्चला काय आहे?"

"नांगरणी. ती लागेल ना हाताशी."

त्याने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "स्वप्न कसलं पडतं?" मी म्हणालो, झोचं. "झोचं," तो म्हणाला, आणि पुन्हा चहा ओतायला लागला. त्याचा चेहरा अगदी चोरोलसारखा झाला होता. झो या प्राण्याबद्दल लोकांचं इतकं वाईट मत का आहे कोण जाणे.

१३ जानेवारी

साधना अशी आहे. दिवसभर, जे दिसेल त्याला मनात म्हणायचं, 'हे स्वप्न आहे.' चूल, हे स्वप्न आहे. गोवऱ्या, हे स्वप्न आहे. मध्येच स्वतःचे हात डोळ्यांसमोर धरून बघायचे. दिवसा सवय लागली की रात्री स्वप्नातही माणूस आपोआप तेच म्हणतो आणि मग तिथल्या तिथे शुद्धीवर येतो. झोपताना उजव्या कुशीवर झोपायचं, सिंहासारखं.

उजवी कूस ऐकून मी खूश झालो. लाथ मारणारा पाय उजवा. तो खाली दबला की विषयच संपला. लामा लोकांनी सगळा विचार करून ठेवलाय.

काल रात्री डाव्या पायाने पाण्याची घागर पाडली.

१६ जानेवारी

झो. पहाटे.

नाही. ही वही कोणी वाचणार नाही, मग वहीशी तरी खोटं कशाला?

झो नाहीच. बस आहे. एकोणीस वर्षं बसच आहे. फोटूला घाटातून खाली उतरतोय, मागे चौतीस माणसं, कोणाच्या तरी मांडीवर कोकरू. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्या वळणाला ब्रेकवर पाय देतो आणि पाय नुसता खाली जातो, लोण्यात गेल्यासारखा. मी पुन्हा दाबतो. पुन्हा. तीच चोरोलची नडगी.

हे खरंच घडलेलं आहे. सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. मी बस डोंगराच्या अंगाला घासत नेऊन थांबवली. चौतीसच्या चौतीस माणसं वाचली, कोकरूसुद्धा. आमचा कंडक्टर तेवढा गेला. तुंडुप. चोरोलचा धाकटा भाऊ. आम्ही सगळे त्याला नोनोच, म्हणजे धाकटा भाऊच, म्हणायचो, बत्तीस वर्षांचा झाला तरी. त्याने चाकाला लावायचा दगड उचलला आणि दारातून उडी मारली. दगड लागला नाही आणि मागचं चाक घसरून त्याच्यावर आलं.

मला त्याबद्दल प्रमाणपत्र मिळालं. गळ्यात इतके मानाचे खताग पडले की मी पांढऱ्या रेशमात बुडालेला दिसत होतो. प्रमाणपत्र काचेत लावून भिंतीवर टांगलं आहे. दर लोसारच्या सणाला चोरोल सगळं घर पुसून काढते, तेवढं एक सोडून. उंच आहे म्हणून हात पोचत नसेल.

नंतर मी बस सोडली. लोक म्हणाले, बिचाऱ्याने मेव्हण्याच्या दुःखात सोडली. लोक चांगले आहेत.

चोरोलला बसचं स्वप्न सांगितलं असतं तर तिला भावाची आठवण येऊन वाईट वाटलं असतं. म्हणून झो. एवढा साधा विचार होता.

२२ जानेवारी

आज जी फजिती झाली ती लिहायलाच हवी, नाहीतर उद्या मलाच खरी वाटणार नाही.

गावची बैठक होती. दर वर्षी कोणा एकाला चुरपोन नेमतात. म्हणजे उन्हाळाभर कालव्यावर उभं राहायचं, कोणाच्या शेताला किती वेळ पाणी ते ठरवायचं आणि अख्ख्या गावाच्या शिव्या खायच्या. मी चौदा वर्षं हे काम टाळत आलोय. कधी कंबर, कधी गुडघा, एकदा तर मी बैठकीच्या दिवशी बहिरा झालो होतो.

आज गेलो तो साधना करत गेलो. गोबा समोर बसला होता. गावचा मुखिया, आवाज ढोलासारखा. मी मनात म्हटलं, गोबा, हे स्वप्न आहे. लोक, हे स्वप्न आहे. गोबा म्हणाला, "या वर्षी आचो फुंत्सोग होतील का?" आचो म्हणजे दादा, आणि फुंत्सोग म्हणजे मी. मी शांतपणे माझे हात डोळ्यांसमोर धरले आणि बघत राहिलो. काय आनंद वाटत होता! सगळं जग पाण्यावरच्या सावलीसारखं.

गोबाला वाटलं मी दोन्ही हात वर केले.

टाळ्या पडल्या तेव्हा मी शुद्धीवर आलो. "अहो, मी हात बघत होतो!" असं ओरडलो. गोबा म्हणाला, "बघा, बघा, कुदळीला पुरतील ना ते बघा." सगळं गाव खदखदलं.

कोंचोकला सांगितलं तर तो भिंतीला टेकून हसला. म्हणाला, "झालंच तर मग, ते पण स्वप्नच आहे." याला वर्गात चोप मिळायचा तो उगीच नाही.

३० जानेवारी

खाल्सीला जाऊन आलो. प्रगती सांगून तिला घेऊन यावं असा बेत होता. न्हाव्याकडे जाऊन दाढीसुद्धा केली.

दार यांगडोलने उघडलं. चोरोलची थोरली बहीण. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत तोंड करून ओरडली, "आला गं तुझा झो!"

चोरोल चुलीपाशी सातू भाजत होती. नडगीला पट्टी नव्हती. मी तिला सगळं सांगितलं, उजवी कूस, हात बघणं, चुरपोनपद. चुरपोनपदाला ती हसली. खूप दिवसांनी हसली. मी लगेच पुढे सरकून म्हणालो, "आता झो जवळजवळ ताब्यात आलाय. परवा शिंगं रोखून आला तर मी नुसतं बघितलं त्याच्याकडे."

तिचं हसू गेलं. कढईतले दाणे हलवत ती म्हणाली, "बरं."

"मग चलतेस?"

"तुमचा झो पूर्ण ताब्यात येऊ दे."

निघताना यांगडोल बाहेरपर्यंत आली. म्हणाली, "इथे तिला धड झोप लागत नाही. मध्येच उठून बसते. म्हणते, फार शांत आहे इथे." मी म्हटलं, जागा बदलली की होतं तसं. यांगडोलने कपाळाला हात लावला. या दोघी बहिणींना सरळ बोलायची सवयच नाही.

६ फेब्रुवारी

जमलं! जमलं जमलं जमलं!

घाट उतरत होतो. दुसरं वळण. स्टिअरिंगवर माझे हात दिसले आणि तोंडातून आपोआप निघालं, 'हे स्वप्न आहे.' आणि खरंच होतं! सगळं लख्ख झालं. बर्फ, दरी, समोरच्या काचेवरची भेग, मागे कोकरू ओरडतंय. आणि मला माहीत, की मी स्वयंपाकघरात आडवा आहे आणि चूल विझत आलीय.

आनंद एवढा झाला की जागा झालो. सत्तावीस दिवसांची मेहनत आणि मी त्या जगात जेमतेम जांभई द्यायला लागतो तेवढा वेळ होतो. पण होतो! सकाळी उठून कोंचोककडे पळत गेलो. तो म्हणाला, "पुढच्या वेळी खूश होऊ नकोस." हे एक वाक्य तो जन्मभर मला सांगत आलाय.

१० फेब्रुवारी

चुलीच्या उजेडात लिहितोय, अक्षर लागलं नाही तर नाही.

काल रात्री पुन्हा ओळखलं. खूश झालो नाही. तिसरं वळण आलं. मी सावकाश ब्रेकवर पाय ठेवला आणि म्हटलं, लाग. लागला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा लागला. बस अशी थांबली की कोणाच्या हातातला चहासुद्धा सांडला नसता. लाथ नाही, घाम नाही. मी जिंकलो.

मग मान वळवली. नोनो दारात उभा होता. पायरीवर एक पाय, दोन्ही हातांत दगड. वाऱ्याने लाल झालेले गाल. तो माझ्याकडे बघत होता, हुकमाची वाट बघतात तसा.

"आचो," तो म्हणाला, "थांबली की गाडी. मग या दगडाचं काय करू?"

सगळं स्वप्न माझ्या ताब्यात होतं, हवं तर डोंगर हलवला असता, पण तेवढं एक उत्तर आलं नाही. रडत उठलो.

तो स्वतःहून उतरला नव्हता. मी त्याला उतरवलं. ब्रेक गेल्यावर मी ओरडलो, "नोनो, दगड लाव!" तो म्हणाला, "आचो, फार वेग आहे." मी पुन्हा ओरडलो, आणि वर शिवी घातली. मग तो गेला. दुसऱ्या हाकेला. एवढ्या वेगात दगड लागत नाही हे मला माहीत होतं, वीस वर्षं गाडी चालवत होतो मी. पण भीती वाटली की माणूस कोणाला तरी हुकूम सोडतो. आणि गाडी थांबली ती डोंगराला घासून. दगडाचा काडीचा उपयोग झाला नाही.

चौकशीत मी सांगितलं, त्याने आपण होऊन उडी मारली. चोरोललाही तेच सांगितलं. माझ्या हाताला खरचटलं होतं, त्यावर तिने पट्टी बांधली.

हे सगळं मी आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितोय. झो म्हणे! काय माणूस आहे मी.

११ फेब्रुवारी

कोंचोकला सगळं सांगितलं. तो या वेळी हसला नाही. मी विचारलं, "आता काय करायचं? अजून कुठली साधना असेल तर दे. मंत्र दे. गुहेत बसतो."

तो म्हणाला, "ब्रेक लागला ना? मग माझं शिकवणं संपलं. बायकोशी बोलायचं कसं ते मी कुठून शिकवू? मी लग्नच केलं नाही."

"ती परत येणार नाही, कोंचोक. भाऊ होता तिचा. तिने त्याला कडेवर घेऊन वाढवलं."

"नाही येणार कदाचित," तो म्हणाला. निदान खोटा धीर तरी द्यायचा! मग त्याने भुकटी केलेलं चीज कागदात बांधून दिलं, तिला आवडतं म्हणून. उतरताना गुडघे खरंच दुखत होते, आणि या वेळी ते बैठकीसाठी नव्हतं.

१४ फेब्रुवारी

दोन दिवस निघतो निघतो म्हणत घरात घुटमळलो. एकदा टॅक्सीत बसून परत उतरलो, ड्रायव्हरला सांगितलं की चूल विझवायची राहिली. काल शेवटी गेलो.

यांगडोल काहीतरी टोमणा मारणार होती, पण माझं तोंड बघून गोठ्यात निघून गेली. चोरोल उन्हात बसून मोजे विणत होती. मी समोर बसलो आणि आधी चीज पुढे केलं. मग म्हणालो, "झो कधीच नव्हता."

ती विणत राहिली.

मी सगळं सांगितलं. दगड, पहिली हाक, दुसरी हाक, शिवी. शिवीसुद्धा जशीच्या तशी सांगितली. सांगताना तिच्याकडे बघवेना, म्हणून सुयांकडे बघत होतो. सुया थांबल्या नाहीत. माझं बोलणं संपलं तरी थांबल्या नाहीत. ओळ पूर्ण करून तिने विणकाम मांडीवर ठेवलं.

"'नोनो, दगड लाव!'" ती म्हणाली. अगदी माझ्या आवाजात. "मग थोडा वेळ गप्प. मग पुन्हा तेच, आणि शिवी. मग लाथ. एकोणीस वर्षं ऐकतेय, मेमे. त्याचे एकोणपन्नास दिवसांचे विधी संपायच्या आत कळलं होतं मला."

मला वाटलं मी खाली कोसळतोय. आधीच खाली बसलो होतो म्हणून बरं.

"मग बोलली का नाहीस?"

"रात्री तुम्ही खरं बोलायचात आणि सकाळी उठून झो सांगायचात. मी म्हटलं, कधीतरी दिवसा सांगतील. सुरुवातीला तर असं वाटायचं की उशी घ्यावी आणि तोंडावर दाबावी तुमच्या." हे तिने भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं सांगितलं. "मग तो राग गेला. मग वाट बघायची सवय झाली. यंदा लोसारला तुम्ही नातवाला फोनवर रंगवून रंगवून झोची गोष्ट सांगितलीत ना, शिंगं केवढी, डोळे केवढे... तेव्हा मात्र वाटलं, हा माणूस मरेपर्यंत सांगणार नाही."

मी मान खाली घालून बसलो. मग ती हळूच म्हणाली, "कसा दिसत होता?"

"कोण?"

"नोनो. कोण काय! तुम्ही म्हणालात ना, दारात उभा होता, बोलला. कसा दिसत होता?"

"गाल लाल झाले होते वाऱ्याने."

"व्हायचेच त्याचे." तिने लोकरीचा गुंडा उचलून मुठीत धरला. "माझ्या स्वप्नात तो एकदाही आला नाही. एकदाही नाही. मी किती आठवण काढून झोपायचे, त्याचा फोटो उशीखाली ठेवायचे. यायचा तो तुमच्याकडे. रोज. मी जागी राहायचे, मेमे, तुमच्या तोंडून त्याचं नाव ऐकायला. नंतर लाथ बसणार हे माहीत असून."

मग दोघंही रडलो. यांगडोल गोठ्यातून येऊन आमच्याकडे बघून परत गोठ्यात गेली. तिच्या गायीला काल कोणी इतकं लाडावलं नसेल.

संध्याकाळच्या गाडीने चोरोल घरी आली. थर्माससकट.

१५ फेब्रुवारी

प्रमाणपत्र उतरवलं. तिथे भिंतीवर स्वच्छ चौकोन उमटला आहे. चोरोलने तिथे नोनोचा फोटो लावला. मग स्टूल घेऊन अख्खी भिंत पुसली. हात व्यवस्थित पोचतो तिचा.

२१ फेब्रुवारी

हा आठवडा मी ओंडक्यासारखा झोपतोय. लाथ नाही, हाक नाही, बस नाही. पंधरा वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटायला हवं.

पण चोरोल रोज सकाळी चहा पुढे करते आणि विचारते, "आला होता?" मी म्हणतो, नाही. ती म्हणते, "बरं." आणि चुलीकडे वळते. तिच्या पाठीकडे बघून कळतं.

आता परत साधना सुरू केली आहे. उजवी कूस, हात, सगळं. झोपताना म्हणतो, नोनो, ये. दगड टाकून ये. नुसता बस येऊन. एवढी ब्रेक लावायची विद्या शिकलो आणि आता गाडीच सुरू होत नाही.

२७ फेब्रुवारी

काल स्वप्न पडलं. गोबा कालव्यात बसून दाढी करत होता.

कोंचोकला म्हटलं, तू म्हणाला होतास ताबा येतो. तो म्हणाला, "आलेल्यावर येतो. बोलावण्यावर येतो असं मी कधी म्हणालो?" मी म्हटलं, हे आधी सांगायचं होतंस. तो म्हणाला, "आधी तुला तो यायला नको होता."

त्याच्याशी बोलून कोणाचं भलं झालंय?

३ मार्च

चुलीवर चहा उकळत होता. चोरोलने खंबीरची जाड रोटी भाजली, लोणी लावलं, माझ्यापुढे ठेवली. विचारलं नाही. काल पण विचारलं नव्हतं. चौकोनातल्या फोटोकडे एकदा बघितलं आणि फडक्याने उगीच पातेलं पुसायला लागली. माझ्याने ते बघवेना.

खरं लिहायचं तर रात्री काहीही पडलं नाही. काळोख, आणि एकदम सकाळ. आता खोटं बोलायचं नाही असं ठरवून अठरा दिवस झाले होते. पण तोंड आपोआप उघडलं, जसा स्वप्नात पाय आपोआप जायचा.

"आला होता," मी म्हणालो.

ती चटकन वळली. "काय म्हणाला?"

"फार काही नाही. बसमध्ये बसला होता, खिडकीशी. सपाट रस्ता होता. घाट वगैरे काही नाही."

"दगड?"

"नव्हता दगड. हात मोकळे होते. जर्दाळू खात होता."

ती माझ्यासमोर येऊन बसली. इतक्या जवळून तिने माझ्याकडे कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. "अंगात काय होतं त्याच्या? थंडी वाजत नव्हती ना?"

"नाही नाही. तुझा तो निळा स्वेटर होता ना, तू विणलेला, छातीवर पट्टे असलेला. तो."

तिने खंबीरचा एक तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"निळा स्वेटर तर तो आदल्या हिवाळ्यात कारगिलला विसरून आला होता," ती म्हणाली. "मी किती ओरडले होते त्याला. परत मिळालाच नाही तो."

संपलं. मी कानापर्यंत लाल झालो. एकोणीस वर्षं झो, आणि आता स्वेटर. ती तशीच माझ्याकडे बघत राहिली. मग तिने थर्मास ओढला, माझा पेला काठोकाठ भरला आणि म्हणाली, "सापडला असेल मग त्याला तिकडे."

मी पेल्यात तोंड खुपसलं.

"आज रात्री विचारा," ती उठता उठता म्हणाली, "कोपराशी फाटला असेल आता. नवीन विणायला घेऊ का म्हणावं."

मी विचारतो म्हणालो.